वहिनीला विचारा

लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा माझा हा दीर आठ वर्षांचा होता आणि नाक कायम गळत असायचं. आमच्यात सुनेनं सासरच्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. दिराचंसुद्धा नाही, मग तो एका हातानं चड्डी सांभाळत फिरणारा का असेना. म्हणून मी त्याला धाकटा म्हणायला लागले. पुढे तो राजधानीत, बिश्केकला तर्कशास्त्राचा प्रोफेसर झाला, केस पिकले, दात गेले, तरी माझ्या तोंडी धाकटाच. जग त्याला मेदेर म्हणायचं, विद्यार्थी मेदेर सर म्हणायचे. नवऱ्याचं नाव तर मी अजूनही घेत नाही. आता ते मानामुळे नाही, त्या नावानं तोंड कडू होतं म्हणून.

सासू लवकर गेली. गावावरच्या उतारावर तिला पुरलं आणि धाकटा माझ्या गळ्यात पडला. मी त्याला न्हाऊ घातलं, त्याचे बूट शिवले, मेंढ्यांच्या लेंड्यांच्या विटा पेटवून त्याच्यासाठी सकाळी खोली गरम केली. फार गुणी पोर, पण एक खोड होती. काहीही सांगा, विचारणार, "हे कशावरून?" जेव म्हटलं तरी कशावरून, झोप म्हटलं तरी कशावरून. वैताग नुसता.

आमचे हे मेंढ्यांच्या फार्मचे मुख्य. गावात मोठा मान. कुणाला लाकडं पोचवतील, कुणाच्या लग्नाला घोडा देतील, गावात वीज आली तीही यांच्याच खटपटीनं. आणि संध्याकाळी दोन घोट पोटात गेले की घरात माझी पाळी. माझा डावा कान तेव्हापासून बंद आहे. माझ्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. धाकटा चुलीमागे उभा राहून बघायचा. एकदा त्यानं पुढे येऊन विचारलं, "दादा, वहिनीनं काय केलं?" हे म्हणाले, "काही नाही." "काहीच केलं नाही, तर मग मारतोस ते कशावरून?" मग त्यालाही मार मिळाला.

मला वाटतं तिथेच तो बिघडला. इतर पोरं असल्या घरात गप्प व्हायला शिकतात. हा मेला प्रश्न नीट मांडायला शिकला.

शाळेत हुशार, मग राजधानीला गेला, तिथून लेनिनग्राडला. परत आला तो तर्कशास्त्र घेऊन. मी म्हटलं, अरे, पशुवैद्य झाला असतास तर गावाच्या काही उपयोगी पडला असतास. तो नुसता हसला. गालीना नावाची बायको केली, शाळेत पियानो शिकवायची, गोड बाई. पण जुनं सरकार मोडलं त्या काळात युनिव्हर्सिटी पगाराऐवजी साखर आणि मेणबत्त्या द्यायला लागली, तेव्हा ती बहिणीकडे रशियात गेली ती गेलीच. तिला मी दोष देत नाही. साखर खाऊन आणि मेणबत्त्या लावून कोण संसार करेल? मूलबाळ नव्हतं.

मी शहरात गेले की त्याच्याकडे उतरायची. कपाटाच्या दाराला त्यानं काळा रंग फासला होता आणि त्यावर खडूनं लिहायचा. कपडे काढायचे म्हटलं की बाही पांढरी. लिहायचा, दोन पावलं मागे जायचा, चहा घ्यायचा, चहा गार झालेला असायचा, मग पुसायचा. असं दिवसच्या दिवस. मी विचारलं, "तुला याचा पगार देतात?" म्हणाला, "याचा नाही वहिनी, शिकवण्याचा. हे मी माझ्या जिवासाठी करतो."

हे म्हणजे काय, ते त्यानं मला एकदा समजावून सांगितलं होतं. मी बोर्सोक तळायचे म्हणून कणीक मळत होते.

"वहिनी, समज एक माणूस आहे. तो म्हणतो, मेंढी व्यायली की तिला दूध येतं, हे मला मान्य. ही मेंढी व्यायली, हेही मान्य. मग तू म्हणतेस, म्हणजे हिला दूध आलं. तर तो म्हणतो, ते मात्र मला मान्य नाही. त्याचं काय करशील?"

"थोबाडीत देईन."

तो इतका हसला की ठसका लागला. "मोठमोठ्या पंडितांना हे सुचलं नाही बघ! पण वहिनी, थोबाडीत खाऊन तो हो म्हणाला, तर तो थोबाडीमुळे म्हणाला. मेंढीमुळे नाही."

"मग मेंढीमुळे म्हणायला लावायचं कसं?"

"हेच तर मी शोधतोय," म्हणाला.

आयुष्यभर शोधलं त्यानं. शेवटी त्याचं उत्तर असं होतं, मला कळलं तेवढं सांगते. तर्काच्या मागे पोलीस नाही, काठी नाही. पण माणूस एकटा बोलत नसतो, चार जणांत बोलतो. चार जणांत एक गोष्ट मान्य केली की तिच्यातून निघणारी दुसरीही त्याच्या अंगावर येते, कारण ते चार जण त्याला सोडत नाहीत. म्हणतात, तूच म्हणाला होतास ना? तेवढ्यावर सगळी माणुसकी उभी आहे, असं तो म्हणायचा. यावर करड्या पुठ्ठ्याचं एक बारीक पुस्तक काढलं. अर्ध्या प्रती त्याच्या पलंगाखाली राहिल्या. एकदा दोन परदेशी प्रोफेसर त्यासाठी विमानानं आले, स्वयंपाकघरात बसून माझे बोर्सोक खाल्ले आणि मला म्हणाले, तुमचा दीर फार मोठा माणूस आहे. त्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या युनिव्हर्सिटीनं तर्कशास्त्राचा विभाग बंद केला आणि त्याला वकिलीच्या पोरांना भाषणकला शिकवायला बसवलं. घरचं कोण विचारतो!

मग एका शरदात आमचे हे गेले. सकाळी घोड्यावर खोगीर चढवता चढवता खाली बसले, आणि संपलं.

अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारला. आत प्रेत, आणि आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून विलाप गात बसलो. मी गायले. चांगलं गायले. माझा डोंगर कोसळला म्हणाले, घराचा खांब गेला म्हणाले. रीत आहे, बायकोनं गायलाच हवं, आणि माझा गळा अजून बरा होता. बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून रडत होते. मग नमाजाची वेळ झाली. मौलवीनं विचारलं, जे प्रत्येक मयताला विचारतात तेच. "लोकहो, हा माणूस कसा होता?"

"चांगला माणूस होता!" सगळे एका आवाजात.

आमच्याकडे हे सगळ्यांबद्दल म्हणतात. घोडेचोरांबद्दल म्हणतात, दारू पिऊन ट्रक दरीत घालणाऱ्याबद्दलही म्हणतात. मौलवीनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो धाकट्याकडे वळला, सख्खा भाऊ म्हणून. "ही देवापुढची साक्ष आहे. भावानं सांगावं."

मी उजवा कान नमद्याला लावला होता.

"मला तसं म्हणता येणार नाही," धाकटा म्हणाला.

अगं बाई! आतल्या बायकांचं गाणं थांबलं. बाहेर कुणी तरी खाकरलं, मौलवीनं घाईघाईनं दुवा म्हटली आणि प्रेत उचललं.

पुरुष त्यांना पुरून परत आले तेव्हा मी धाकट्याला चहाच्या समोवरमागे गाठला. "अरे मेल्या, एक शब्द जड झाला तुला? सगळ्या गावासमोर माझ्या पोराला मान खाली घालायला लावलीस?"

"वहिनी, मौलवी म्हणाला ही साक्ष आहे. साक्ष असेल तर खरी हवी. आणि साक्ष नसेल, नुसती रीत असेल, तर मी एकटा गप्प बसलो म्हणून काय बिघडलं?"

"गप्प बसला असतास तर चाललं असतं! तू बोललास! तालायच्या तोंडाकडे बघितलंस का?"

"मी तुझ्या कानाकडे बघत होतो."

"माझा कान माझा आहे! तुला कुणी वकीलपत्र दिलं होतं?"

इतकी वर्षं मी तोंड दाबून काढली ती कशासाठी? निदान शेवटी तरी चार लोकांत नीट पार पडावं म्हणून. आणि हा शहाणा एका वाक्यात सगळं उघड्यावर टाकून मोकळा झाला होता.

तालाय म्हणजे माझा मुलगा, बापाच्या जागी आता तोच. त्यानं काकाला सगळ्यांदेखत सांगितलं, "काका, या गावात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मेल्यावरसुद्धा नाही. तुमची माती आमच्या कबरस्तानात येणार नाही."

धाकटा पांढराफटक पडला. आईच्या कबरीच्या उजव्या हाताची जागा त्यानं केव्हाच ठरवून ठेवली होती. गावी आला की तिथलं गवत उपटायचा आणि खालच्या ओढ्याकडे बघत बसायचा. आणि त्याच हिवाळ्यात डॉक्टरांना त्याच्या फुप्फुसात डाग दिसला. त्याला कसली हाव नव्हती. मान नको, पेन्शन वाढवून नको. आईशेजारची तेवढी माती हवी होती.

वर्षश्राद्धाचं मोठं जेवण जवळ आलं, तेव्हा गावातले सर्वांत वडीलधारे तोक्तोनाली आबा मध्ये पडले. म्हणाले, मेदेरनं यावं, सगळ्यांसमोर भावाला चांगला म्हणावं, मग तालाय राग सोडेल. हा निरोप घेऊन मीच शहरात गेले. धाकटा वाळून काटकी झाला होता.

"म्हणून टाक रे," मी म्हटलं. "तुझ्या बापाचं काय जातं?"

"खोटं कसं म्हणू?"

"मीसुद्धा गायलेच ना? डोंगर म्हणाले, खांब म्हणाले."

"गाणं वेगळं, वहिनी. गाण्याला कुणी खरं का म्हणून विचारत नाही." कपाटाच्या दाराकडे बघत होता तो एकदम वळून म्हणाला, "तू सांग. तो चांगला होता?"

"मला काय विचारतोस? मला कधी कुणी काही विचारलंय?"

"तेच तर चुकलं माझं!" त्याचे डोळे चमकले. "मी साक्षीदार नव्हतोच. मी चुलीमागून बघणारा. साक्षीदार तू होतीस, आणि मी मध्येच बोललो."

हा मनात काय शिजवतोय ते तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मला वाटलं वळला बुवा एकदाचा, आणि मी त्याला घेऊन गावी आले.

जेवणाला खोरंभर माणूस लोटला होता. घोडी कापली होती, मोठमोठे हंडे रटरटत होते. आमच्यात मांसाचं हाड वयामानाप्रमाणे वाढतात, वडीलधाऱ्याला कमरेचं. धाकट्याच्या पुढ्यात तालायच्या बायकोनं पुढच्या पायाचं हाड ठेवलं, पोराटोरांना देतात ते. साठी उलटलेल्या माणसाला! सगळ्यांनी पाहिलं. तो ते मुकाट्यानं खाऊ लागला. मी हंड्याजवळ उभी राहून बघत होते, माझं रक्त उकळत होतं.

मग तोक्तोनाली आबा म्हणाले, "बोल बाबा मेदेर, काय म्हणायचंय ते."

तो उठला. "आबा, माझ्या साक्षीला किंमत नाही. मी लहानपणीच घर सोडलं. माझ्या भावाबरोबर आयुष्य काढलं ते वहिनीनं. तिला विचारा. ती चांगला होता म्हणाली, तर मी इथेच गुडघ्यावर बसून सगळ्यांची माफी मागतो आणि तेच म्हणतो. ती नाही म्हणाली, तर मला आईशेजारी जागा द्या. मान्य?"

लोक हसायला लागले. "प्रोफेसरांचा तास सुरू झाला!" कुणी तरी ओरडलं. आबा दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मान्य, त्यात काय. बायको काय वेगळं सांगणार आहे?"

"तालाय, तुला मान्य?"

"मान्य. विचारा आईला."

"दोन्ही गोष्टी मान्य? हो म्हणाली तर काय, आणि नाही म्हणाली तर काय, ते दोन्ही?"

"अहो काका, मान्य, मान्य! किती वेळा म्हणू?"

मला हाक मारली. हातात डाव तसाच घेऊन मी गेले. देवाशपथ सांगते, मी चांगला होता असंच म्हणणार होते. धाकट्यावर इतकी चिडले होते की त्याला गुडघ्यावर बसवायला मला आवडलं असतं. त्याला जागा मिळाली असती, पोराचा मान राहिला असता, मी हंड्याकडे परत गेले असते. मौलवीनं घसा साफ केला. "बाई, तुमचा माणूस कसा होता?"

इतकी माणसं गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघतायत, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. लग्नातही नाही, तेव्हा चेहऱ्यावर पडदा होता. मी तोंड उघडलं. कुणी विचारलं कशी आहेस की आपण बरी आहे म्हणतो, तसं ते आपसूक बाहेर येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही.

"चांगला नव्हता," मी म्हटलं. "मला मारायचा. हा कान त्यानंच फोडला. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आबा, तुम्हाला तर पहिल्यापासून ठाऊक आहे, तुमची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार, तालाय माझ्या अंगावर धावून येणार. तसं काहीच झालं नाही. तोक्तोनाली आबांनी मान हलवली. "बिचारी. वर्षभर रडून रडून जीव आंबून गेलाय. चला, दुवा मागू या." त्यांनी हात वर केले. सगळ्यांनी हात वर केले, तोंडावरून फिरवले, आमीन म्हणाले आणि वाडग्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"थांबा!" धाकटा ओरडला. त्याला इतकं मोठ्यानं बोलताना मी प्रथमच ऐकलं. "तुम्ही मान्य केलं होतं! तालाय, तू मान्य केलं होतंस ना?"

तालाय सुरीनं मांसाचे बारीक तुकडे करत होता. "केलं होतं, काका."

"आणि ती नाही म्हणाली."

"म्हणाली. ऐकलं मी."

"मग?"

"मग काही नाही. जेवा, गार होतंय."

धाकटा नुसता उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. जन्मभर जो माणूस तो कपाटाच्या दारावर मांडत आला, तो समोर बसून जेवत होता. माझा मुलगा होता तो. आणि बाजूला जे चार जण "तूच म्हणाला होतास ना" म्हणायला हवे होते, ते सगळे हाडं चघळत होते. त्यांतल्या एकानंही मान वर केली नाही.

मी डाव तिथेच टाकला, कोट उचलला आणि त्याच्याबरोबर गाडीत बसले. मला कुणी अडवलं नाही. जा असंही कुणी म्हटलं नाही.

दोलोनचा घाट चढताना तो म्हणाला, "वहिनी, मी चुकीचं लिहिलं."

"तू कसला चुकतोस! ते लोक नालायक आहेत."

"नालायक लोकांतही खरं ठरायला हवं होतं. भल्या माणसांपुरतं खरं असेल, तर त्याला पुस्तक कशाला लागतं?" मग खोकल्याची उबळ आली आणि घाट संपेपर्यंत थांबली नाही.

हिवाळाभर मी त्याच्याकडे राहिले. तो कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचा, एखादी ओळ लिहायचा, पुसायचा. शेवटी शेवटी खडू धरवेना, तेव्हा मला सांगायचा आणि मी वेड्यावाकड्या अक्षरात लिहायची. त्याला ते पटायचं नाही, मग मीच पुसायची. जुने विद्यार्थी भेटायला यायचे. विभाग बंद करणारे डीनही आले आणि तुम्ही आमचा अभिमान आहात म्हणून गेले. मी त्यांना चहा विचारला नाही.

बर्फ वितळायला लागल्यावर तो गेला. आदल्या दिवशी नुसतं "आई" म्हणाला. मला म्हणाला की तिला, ते कळलं नाही.

मी तालायला फोन केला. रडले नाही, भांडलेही नाही. नीट सांगितलं, अगदी धाकट्यानं सांगितलं असतं तसं. "तू शब्द दिला होतास. मी जे सांगायचं ते सांगितलं. आता जागा दे."

"आई, ते होणार नाही."

"बरं, मग असं कर. तुझ्या बापाच्या शेजारी माझी जागा राखून ठेवली आहेस ना? ती त्याला दे. तिथून आजीची कबर चार पावलांवर आहे. मी माझं कुठेही बघते."

"काहीतरीच काय बोलतेस! तू तिथेच येणार, बाबांशेजारी. दगडावर तुझं नाव कोरूनसुद्धा झालंय, फक्त साल टाकायचं राहिलंय. तू गेलीस की मी स्वतः गाडी घेऊन येईन न्यायला."

धाकट्याला शहराबाहेरच्या सरकारी कबरस्तानात पुरलं, डावीकडे कुणी शिंपी, उजवीकडे कोण ते माहीत नाही. मी धाकट्याच्याच घरात राहते. तालाय दर रविवारी फोन करतो, पोरगा तसा वाईट नाही, मला कशाची कमी पडू देत नाही. आणि दर रविवारी मी त्याला सांगते, "तालाय, ऐक. मला त्या माणसाशेजारी पुरू नकोस. मला तिथे यायचं नाही."

"ऐकलं, आई," तो म्हणतो. "औषधं वेळेवर घेतेस ना?"